जुन्या ट्रॅव्हलर कॅम्परचा एसी गार आहे, पण वारा पुढंपर्यंत पोचत नाही: डक्ट, रिटर्न की ब्लोअर?

हिंडलगा_हिंडता

नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची ट्रॅव्हलर, सतरा सीटांची. सीटं काढून मागं आडवा पलंग, डाव्या अंगाला ओटा, उजव्या अंगाला बाक असा कॅम्पर केलेला आहे. एसी इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा. कूलिंग कॉइलचा डबा मागच्या टोकाला, पलंगाच्या वर छताखाली. त्यात दोन ब्लोअर, आणि तिथून छताच्या दोन्ही कोपऱ्यांतून पुढंपर्यंत हवा नेणारी डक्ट. वारा बाहेर सोडणारे गोल लूव्हर आधी बारा होते. कपाटं बसवताना सहा बुजवले गेले, सहा उरले.

पलंगावर गारठा आणि ओट्यापाशी घाम, अशी स्थिती आहे. एप्रिलच्या दुपारी बेळगाव जिल्ह्यात चिक्कोडी, गोकाक, सौंदत्ती या बाजूला गाडी निम्मीच थंड होते.

ब्लोअर फुल्लवर, इंजिन १५०० आरपीएमवर ठेवून हातातल्या पंख्याच्या वारामापकानं घेतलेले आकडे, मीटर प्रति सेकंद: डावीकडे मागून पुढं ४.६, ३.१, १.२. उजवीकडे ४.४, २.०, ०.६. लूव्हरचं भोक ६५ मिमी. डब्यात शिरणारी हवा ३३ अंश, सर्वांत मागच्या लूव्हरमधून १४ अंश, सर्वांत पुढच्यातून २१ अंश.

गॅरेजमध्ये दोघांनी गॅस भरायला सांगितलं आहे. भरावा का? आणि मधे जादा पंखा टाकून वारा पुढं ढकलता येईल का?

वडगाव_वर्कशॉप

गॅसला हात लावू नका. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे.

६५ मिमी भोकाचं क्षेत्रफळ ३३.२ चौरस सेंमी. सहा वेगांची बेरीज १५.९. वेग गुणिले क्षेत्रफळ गुणिले ३६०० केलं की ताशी सुमारे १९० घनमीटर हवा निघते. एक टन थंडाव्यामागं ताशी सुमारे ६८० घनमीटर म्हणजे ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा धरायची, असा एसीवाल्यांचा जुना हिशोब आहे. तुमच्या लूव्हरमधून त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही हवा येत नाही.

आता तापमान बघा. ३३ ची हवा १४ वर, म्हणजे १९ अंशांची घट. आपल्याकडच्या हवेत ती १० ते १२ अंश असावी. घट इतकी मोठी याचा अर्थ कॉइल भरपूर गार आहे, तिच्यावरून हवाच कमी जाते. गॅस कमी असता तर चित्र उलट दिसलं असतं: वारा जोरात, पण कोमट. अशा गाडीत गॅस जादा भरला तर कंडेन्सरकडचा (बाहेर उष्णता सोडणाऱ्या कॉइलकडचा) दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि वारा आहे तेवढाच राहतो.

हवा आणि घट यांचा गुणाकार करून बघा. १९० गुणिले १९ म्हणजे ३६१०. हवा ५५० झाली आणि घट ११ वर आली तर ६०५०. लूव्हरशी हात लावला तर हवा आधीपेक्षा कमी गार वाटेल, पण गाडी मात्र दीडपटीहून जास्त थंड होईल. हे मनात पक्कं धरा, नाहीतर काम झाल्यावर लूव्हरचं तापमान वाढलेलं बघून एसी बिघडला असं वाटेल.

वारामापकाचा पंखा आणि तुमचं भोक जवळजवळ एकाच मापाचं आहे, त्यामुळे आकडा तंतोतंत खरा धरू नका. मात्र तोच मापक, तेवढंच अंतर, तोच आरपीएम ठेवलात तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना भरवशाची असते.

पत्रा_उद्यमबाग

वर्कशॉपदादांशी सहमत. डक्टकडे वळण्याआधी एक विचारतो. डब्यात हवा शिरते कुठून? कपाट केलंय म्हणता, मग रिटर्नची, म्हणजे गाडीतली हवा परत डब्यात ओढणारी, जाळी कपाटाच्या आत गेली का?

हिंडलगा_हिंडता

होय. डब्यासमोर सामानाचं कपाट आहे. त्याच्या दाराला नक्षीची जाळी आहे, साधारण ३० बाय १० सेंमी. आत पांघरुणं असतात.

पत्रा_उद्यमबाग

मग तिथंच गळा आवळला गेलाय. कॅम्पर करणारे सुतार लूव्हर जपतात आणि रिटर्न विसरतात, कारण त्यातून वारा अंगावर येत नाही. पण जेवढी हवा आत ओढली जाईल तेवढीच बाहेर पडणार. ब्लोअर कितीही मोठा बसवा, त्याला श्वास मिळाला नाही तर तो जागच्या जागी घुमत राहतो.

माप असं काढा. ताशी ६०० घनमीटर हवा रिटर्नमधून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वेगानं जाऊ द्यायची नाही. त्यासाठी ८३३ चौरस सेंमी उघडी जागा लागते. उघडी म्हणजे निव्वळ भोकांची. निम्मी भोकं असलेला जाळीदार पत्रा वापरलात तर चौकट १६७० चौरस सेंमीची हवी, म्हणजे साधारण २८ बाय ६० सेंमी. तुमची नक्षीची जाळी ३००, त्यातही निम्मं लाकूड. १५० चौरस सेंमीतून ६०० घनमीटर ओढायचे तर वेग ११ मीटरच्या वर जातो.

खर्च करण्याआधी पाच मिनिटांची परीक्षा करा: पांघरुणं काढा, कपाटाचं दार सताड उघडा, सहाही लूव्हर पुन्हा मोजा.

हिंडलगा_हिंडता

मोजलं. बेरीज १५.९ ची २१.३ झाली, म्हणजे ताशी साधारण २५५. पुढच्या लूव्हरमध्ये फरक कमी, मागच्यांत जास्त.

वडगाव_वर्कशॉप

दार उघडल्यावर तिसऱ्या हिश्शानं वाढ झाली, त्यामुळे रिटर्नचं काम पहिलं. पण ६०० पासून अजून लांब आहात. आता डबा उघडून दोन गोष्टी बघायच्या: कॉइलची हवा शिरणारी बाजू आणि ब्लोअरचं चाक.

जुन्या गाड्यांत रिटर्नला फिल्टर नसतो, असलीच तर जाड जाळी. सीट कव्हरचा लिंट, पांघरुणाचा कापूस, केस, धूळ हे सगळं कॉइलच्या तोंडावर गोधडीसारखं चिकटतं. बाहेरून टॉर्च मारून दिसत नाही, कारण कॉइलच्या ओल्या पातळ पट्ट्यांवर, म्हणजे फिनवर, ते काळं आणि सपाट बसतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, ब्लोअरचे कनेक्टर सोडवा, मोटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा. कोरड्या मऊ ब्रशनं फिनच्या दिशेनं, वरून खाली, आधी सुका थर काढा. मग कॉइलसाठी मिळणारं सौम्य क्लीनर फवारून दहा मिनिटांनी कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. पाणी जमलं तर आतून बाहेर, म्हणजे हवा जाते त्याच्या उलट दिशेनं सोडा. बाहेरून मारलं तर घाण फिनच्या पोटात ढकलली जाते. प्रेशर वॉशर नको, फिन झोपतात. कॉस्टिक सोडा तर अजिबात नको, तो ॲल्युमिनियम खातो आणि कॉइल गळायला लागते. वाकलेले फिन फिन-कंगव्यानं उभे करा.

ब्लोअरचं चाक म्हणजे पिंजऱ्यासारखं, बारीक वाकड्या पात्यांचं. पात्यांच्या खोबणीत धूळ भरली की पातं सपाट होतं आणि हवा पकडतच नाही. मोटर पूर्ण वेगानं फिरत असते, आवाजही येतो, म्हणून संशय जात नाही. चाक काढून कोमट साबणपाण्यात भिजवा, जुन्या टूथब्रशनं एकेक पातं साफ करा. चाकाला लावलेली बारीक क्लिप म्हणजे तोल साधणारं वजन असतं, ती काढू नका. परत बसवताना चाक आणि हवा शिरण्याचं तोंड यांत आधीइतकीच फट ठेवा. ती वाढली तर दाबलेली हवा त्याच फटीतून मागं फिरते.

तार_जोडणी

डबा उघडलाच आहे तर मोटरच्या पिनांवर व्होल्टेज घ्या. ब्लोअर फुल्लवर, इंजिन चालू. आधी बॅटरीवर, मग मोटरवर. फरक लिहा.

आणि दुसरी तपासणी, जी फार जणांकडून राहते: दोन्ही ब्लोअर योग्य दिशेनं फिरतात का? या मोटरांची प्लस-मायनस उलटी जोडली तर मोटर उलटी फिरते. पिंजऱ्याचं चाक उलटं फिरलं तरी हवा पुढच्याच बाजूला फेकतं, फक्त खूप कमी. मोटर बदलल्यावर तारा रंग न बघता जोडल्या की हा दोष वर्षानुवर्षं तसाच राहतो. डब्यावर बाण असतो. नसेल तर चाक ज्या दिशेनं फिरताना पात्यांचा पोकळ भाग पुढं येतो, ती बरोबर दिशा.

हिंडलगा_हिंडता

चाकांत अक्षरशः माती होती, तांबडी. कॉइलवरही थर. धुतल्यावर, कपाटाचं दार उघडं ठेवून ताशी ३४५. दिशा दोन्हींची बरोबर. व्होल्टेज बॅटरीवर १३.६, मोटरवर १०.९. दोन्ही मोटरींचा मिळून करंट १८ ॲम्पियर.

तार_जोडणी

२.७ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणून मोटर मंद फिरते. हवा ब्लोअरच्या वेगाच्या प्रमाणात कमी-जास्त होते. पण हवा पुढं ढकलणारा दाब वेगाच्या वर्गानं बदलतो. वेग ८० टक्क्यांवर आला तर दाब ६४ टक्क्यांवर येतो. लांबच्या लूव्हरला फटका आधी बसतो तो यामुळे.

हे व्होल्ट खातं कोण? डॅशबोर्डपासून मागं बहुधा २.५ चौरस मिमीची तार आहे. तिचा रोध मीटरला ७.४ मिलिओहम. ९ मीटरला ६७ मिलिओहम, १८ ॲम्पियरला १.२ व्होल्ट. बाकीचं स्पीड स्विचचे काळवंडलेले संपर्क, फ्यूज होल्डर आणि गंजलेली अर्थिंग यांत जातं.

बॅटरीच्या प्लसपासून ३० ॲम्पियरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून एका विताच्या आत. तिथून ६ चौरस मिमीची तांब्याची लवचिक तार मागच्या डब्यापर्यंत, जाळीदार नळीत घालून. तिचा रोध मीटरला ३.१ मिलिओहम, म्हणजे तेवढ्याच अंतरात अर्धा व्होल्ट. डब्याशेजारी ४० ॲम्पियरचा रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारा स्विच. त्याच्या ३० नंबरच्या पिनला नवी तार, ८७ वरून मोटरी, ८५ अर्थला, ८६ ला डॅशबोर्डवरून येणारी फुल्ल स्पीडची जुनी तार. अर्थसाठी बॉडीचा रंग खरवडून चकचकीत पत्रा करा, ६ चौरस मिमीची तार लग (टोकाचं धातूचं कडं) दाबून बोल्टनं आवळा आणि वर ग्रीस लावा. लग सोल्डरनं नव्हे, क्रिंपिंग पक्कडीनं दाबा. हलत्या गाडीत सोल्डरच्या कडेला तार तुटते.

चोर्ला_चढण

तार_जोडणी अण्णा, एक भर घालतो. फुल्ल स्पीडची जुनी तार मोटरपासून पूर्ण सोडवायला हवी आणि फक्त ८६ ला ठेवायला हवी. ती मोटरलाही जोडलेली राहिली तर रिले एकदा चिकटला की ८७ मधून परत येणारी वीज त्यालाच धरून ठेवते. स्विच बंद केला तरी ब्लोअर थांबत नाही. कमी आणि मध्यम स्पीडच्या तारा रेझिस्टरमधून मोटरला तशाच राहू द्यायच्या.

तार_जोडणी

अगदी बरोबर, ते लिहायला हवं होतं. शिवाय काही गाड्यांत स्विच प्लसऐवजी अर्थच्या बाजूला असतो. तिथं ही जोडणी चालत नाही. स्विच बंद, चावी चालू असताना मोटरच्या दोन्ही पिनांवर बॉडीच्या हिशोबानं १२ व्होल्ट दिसले तर तुमचा स्विच अर्थच्या बाजूला आहे असं समजा.

रेझिस्टर हवेच्या झोतात बसवलेला असतो तो गार राहावा म्हणून. डबा साफ करताना तो बाहेर काढून कुठं फोमवर टेकवून ठेवू नका, तापून फोम जळतो.

निपाणी_नाका

फिल्टरबद्दल लिहितो, कारण आता कॉइल स्वच्छ झाली की पुढच्या हंगामात परत भरणार. निपाणी भागात तंबाखूची बारीक धूळ, गाळपाच्या दिवसांत कारखान्यांची राख, खानापूरकडं तांबडी माती. तिन्हींचा स्वभाव वेगळा. राख हलकी, झटकली की जाते. तांबडी माती ओल्या जाळीवर लेपासारखी बसते आणि धुतल्याशिवाय निघत नाही. तंबाखूची धूळ चिकट, तिला साबण लागतो.

बाजारात मिळतो म्हणून दाट कागदी फिल्टर कॉइलला चिकटवू नका. ही यंत्रणा तेवढा अडथळा धरून बनवलेली नाही, वारा लगेच पडतो. धुता येणारी काळी नायलॉन जाळी घ्या, आणि ती कॉइलवर न लावता २८ बाय ६० च्या नव्या रिटर्न चौकटीवर लावा. जागा मोठी म्हणून वेग कमी, वेग कमी म्हणून अडथळा कमी. चौकट चुंबकी पट्टीवर किंवा फिरत्या खिट्ट्यांवर बसवा. काढायला स्क्रू लागला की कोणी धूत नाही. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यानं धुवायची, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायची.

मलप्रभा_काठ

रिटर्नची जागा निवडताना सुरक्षेचं बघा. ओट्याखालच्या सिलिंडरच्या कप्प्यातून किंवा त्याला लागून रिटर्न ओढू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचून तळाच्या भोकातून बाहेर जावा म्हणून ते भोक असतं. रिटर्नच्या ओढीनं तोच गॅस गाडीभर पसरेल. गारवा टिकवायच्या नादात तळाचं ते भोक बुजवूही नका.

दुसरं, हा एसी इंजिनवर चालतो. इंजिन चालू ठेवून आत झोपायचं नाही. थांबलेल्या गाडीखाली धूर साचतो, आणि जुन्या गाडीच्या तळाला तारा-पाइपांसाठी पाडलेली भोकं असतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. ती भोकं रबरी ग्रोमेट आणि सीलंटनं बंद करा, फक्त सिलिंडरच्या कप्प्याचं सोडून. आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

हिंडलगा_हिंडता

ताई, सिलिंडरचा कप्पा ओट्याच्या पुढच्या टोकाला आहे, रिटर्न मागं वर. अंतर आहे. अलार्म घेतो.

रिटर्नची चौकट आणि वायरिंग झालं. मोटरवर आता १२.८ व्होल्ट. कपाट बंद ठेवून ताशी ४१०. पण पुढचे लूव्हर अजून अशक्त: डावा २.९, उजवा १.९. आता डक्टला हात घालू ना?

पत्रा_उद्यमबाग

आता घाला. आधी गळती शोधा. एक ब्लोअर चालू, दुसरा बंद करून उदबत्ती डक्टच्या सांध्यांवरून हळू फिरवा. धूर जिथं लांब फेकला जातो तिथं गळती. मग तीच उदबत्ती बंद ब्लोअरच्या तोंडाशी धरा. धूर उलटा तोंडातून बाहेर येत असेल तर दोन्ही ब्लोअर एकाच डब्यात हवा सोडतात आणि एकाची हवा दुसऱ्यातून परत रिटर्नला जाते. एक मोटर मंद पडली की हेच घडतं. उपाय म्हणून दोन तोंडांच्या मधे पत्र्याचा पडदा घालून डावा ब्लोअर डाव्या डक्टला, उजवा उजव्याला असं वेगळं करा.

गळती बुजवायला कापडी टेप नको, उन्हात छताखाली तिचा गोंद वितळतो. ॲल्युमिनियम फॉइल टेप, सांधा आधी स्पिरिटनं पुसून. मोठ्या फटीला पत्र्याची पट्टी, पॉप रिव्हेट आणि वर सीलंट. लाइटच्या तारांसाठी डक्टला पाडलेली भोकंही तपासा, कॅम्पर करताना इलेक्ट्रिशियन सर्रास डक्टमधूनच तार नेतात.

आता माप. ताशी ६०० घनमीटर दोन डक्टांत म्हणजे एकेकीत ३००. मुख्य डक्टमध्ये वेग ५ मीटरच्या आसपास ठेवायचा तर प्रत्येकीला १६७ चौरस सेंमी पोट हवं: साधारण ११ बाय १५ सेंमी. कपाटं बसवताना ती चेपली आहे का ते आत टॉर्च आणि आरसा घालून बघा. कपाटाचा स्क्रू डक्टमध्ये घुसला तर त्याची भीती नाही, पण प्लायवूडनं डक्टची तळपट्टी ३-४ सेंमी वर ढकलली असेल तर तिथून पुढं वारा मरतो.

लूव्हर: सहा गुणिले ३३ म्हणजे सगळे मिळून २०० चौरस सेंमी. त्यातून ६०० काढायचे तर वेग ८ मीटरच्या वर, म्हणजे शिट्टी आणि मागं दाब. ७५ मिमीचे आठ लूव्हर बसवा, ३५० चौरस सेंमी होतात, वेग पावणेपाचच्या खाली येतो. बुजवलेल्या सहापैकी दोन उघडा: एक ओट्याच्या वर, एक बाकाच्या पुढच्या टोकाला.

जिथं फ्लेक्सिबल पाइप लागेल तिथं १०० मिमीचा घ्या. तेवढीच हवा ७५ च्या पाइपातून नेली तर अडथळा चौपटीहून जास्त होतो, कारण व्यास घटला की तो जवळजवळ पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. पाइप पूर्ण ताणून मापावर कापा. ढिला ठेवला की आतल्या वळ्या हवेला ओरबाडतात. वळण घेताना वळणाची त्रिज्या निदान पाइपाच्या व्यासाइतकी. ब्लोअरच्या तोंडासमोर हातभर अंतरात सपाट भिंत असेल तर तिथं ०.६ मिमी पत्र्याचं गोलसर वळण करून बसवा. सपाट भिंतीवर आपटलेल्या हवेचा बराच जोर तिथंच गरगर फिरण्यात जातो.

उद्यमबागेत किंवा मच्छेला कुठल्याही पत्र्याच्या दुकानात पुठ्ठ्याचा नमुना घेऊन जा. तोंडी मापं सांगितली तर काटकोनी डबा करून देतात. पुठ्ठा गाडीत बसवून, वाकवून, त्यावर घडीच्या रेघा मारून दिला तर वळण बरोबर येतं.

खानापूर_रानवाट

पंख्याचा प्रश्न राहून गेला. डक्टमध्ये कॉम्प्युटरचा १२० मिमीचा पंखा टाकू नका. तो मोकळ्या हवेत भरपूर वारा देतो, पण दाबाविरुद्ध काही करू शकत नाही. ब्लोअर जोरात असेल तर हाच पंखा अडथळा होतो. हवं तर पुढच्या आसनांमागं छताला छोटा १२ व्होल्टचा पंखा गाडीतली हवा घुमवायला लावा, त्याचा उपयोग होतो.

आता २१ अंशांचं. मागं १४ आणि पुढं २१, म्हणजे डक्टमध्ये सात अंश वाया. छताचा पत्रा आणि आतलं सीलिंग यांच्या पोकळीत उन्हात भट्टी असते, आणि हवा मंद चालली की ती जास्त वेळ तापते. वारा वाढला की हा फरक आपोआप थोडा कमी होईल, उरलेल्यासाठी इन्सुलेशन. १३ मिमी जाडीचा बंद छिद्रांचा काळा नायट्राइल फोम, चिकट पाठीचा. डक्टच्या चारही बाजूंनी, सांधे फोम टेपनं मिटवून. बंद छिद्रांचाच का? जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की गार पत्र्याला कुठंही उघडी चीर मिळाली की पाणी सुटतं. ते फोमच्या मागं साचतं, छत गंजतं आणि थेंब पलंगावर पडतात. काचलोकर किंवा थर्मोकोल तिथं ओलं होऊन कुजट वास धरतं. वरच्या पत्र्याच्या आतल्या अंगालाही तोच फोम लावता आला तर उत्तम. बाहेरून पांढरा रंग हा स्वस्तातला मोठा उपाय आहे.

चोर्ला_चढण

आणि बर्फ! तासाभरानं वारा हळूहळू पडतो, मग गाडी बंद केल्यावर खाली बादलीभर पाणी पडतं, असं होत असेल तर कॉइल गोठते आहे. परीक्षा सोपी: एसीचं बटण बंद, ब्लोअर चालू, वीस मिनिटं. वारा परत आला तर बर्फच होता. हवा कमी असणं हे पहिलं कारण, ते तुम्ही दूर करताच आहात. दुसरं कारण थर्मोस्टॅटची तापमान ओळखणारी काडी. ती फिनमध्ये, जिथं आधी दव गोठतं त्या भागात खोचलेली हवी. कॉइल धुताना ती निघते आणि नुसती हवेत लटकत राहते, मग कॉम्प्रेसर वेळेवर सुटत नाही.

लूव्हर बंद करतानाही हाच धोका. रात्री पलंगावरचे दोन बंद केले तर चालेल, आठांतले पाच बंद केले तर कॉइल गोठणार.

हिंडलगा_हिंडता

डाव्या डक्टची तळपट्टी ओट्याच्या कपाटानं ४ सेंमी चेपलेली निघाली. उजव्या बाजूला लाइटच्या तारांचं भोक आणि दोन उघडे सांधे. मधला पडदा घातला, ७५ चे आठ लूव्हर बसवले, १३ मिमी फोम लावला. आता आठांची बेरीज ३५.२, म्हणजे ताशी ५६०. रिटर्न ३३ असताना मागचा लूव्हर २१, पुढचा २३. गाडी दुपारीही गार होते आहे. उजव्या बाजूचा सर्वांत पुढचा अजून ३.१ वर, बाकी सगळे ४ ते ५.

वडगाव_वर्कशॉप

१२ अंशांची घट, ५६० हवा. छान बसलं. उजवा पुढचा वाढवायला त्याच डक्टचा सर्वांत मागचा लूव्हर पाव बंद करा, मोजा, मग दुसरा थोडासा. पुढचा ३.८ पर्यंत आला की थांबा आणि प्रत्येक लूव्हरवर मार्करनं खूण करा, म्हणजे कोणी फिरवला तरी परत जागेवर आणता येईल.

पाण्याची नळी मात्र आत्ताच बघा. तुमच्या डब्यात कॉइल आधी आणि ब्लोअर नंतर आहे, म्हणजे कॉइलखालच्या पाण्याच्या तबकाच्या जागी ओढ आहे. हवा वाढली तशी ओढही वाढली. नळी सरळ खाली सोडलेली असेल तर तिच्यातून बाहेरची हवा वर ओढली जाते, पाणी तबकातच अडकतं आणि ब्रेक मारला की पलंगावर सांडतं. नळीला तळाशी इंग्रजी यू सारखं वळण द्या, ५ सेंमी पाणी त्यात उभं राहील असं, आणि टोक तांबड्या चिखलानं बुजणार नाही इतकं मागच्या चाकापासून लांब ठेवा. हंगामाच्या सुरुवातीला तबकात तांब्याभर पाणी ओतून ते वळण भरायचं.